घरातील सशाचा निवारा व लेंडीपात्र

मराठीत जनावरांच्या निवाऱ्यासाठी शब्दांची वाण नाही. गाईबैलांचा गोठा, ज्याला वर्धा-नागपूरकडे कोठा म्हणतात. घोड्यांची पागा, हत्तींचा पीलखाना, मेंढरांचा वाडा, कोंबड्यांचे खुराडे, कबुतरांची ढाबळ, पोपटाचा पिंजरा. प्रत्येकाची जागा भाषेने नेमून दिलेली आहे. सशाला मात्र मराठीने घर दिलेले नाही. हे स्वाभाविकच होय. आपल्या शिवारातील ससा हा पाळण्याचा प्राणी नव्हता. तो पारधीचा प्राणी होता, आणि 'ससेहोलपट' हा शब्द त्या पारधीची आठवण आजही वागवीत आहे. ('ससेमिरा' या शब्दाचा सशाशी काही संबंध नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. विक्रमाच्या कथाचक्रातील वेड लागलेल्या राजपुत्राच्या तोंडची ती चार अक्षरे होत.)

आज मात्र शहरांतूनच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतूनही मुलांच्या हट्टाखातर दुकानातला ससा घरात येतो. त्याच्यासाठी शब्द नसल्यामुळे शेजारच्या प्राण्यांचे शब्द उसने घेतले जातात. पिंजरा पोपटाकडून येतो, खुराडे कोंबडीकडून आणि 'लिटर' दुकानदाराकडून. उसन्या शब्दाबरोबर त्या त्या प्राण्याची व्यवस्थाही उसनी येते, आणि ती सशाला सोसत नाही. वर्ध्यासारख्या उष्ण जिल्ह्यात तर ही चूक पुष्कळदा प्राण्याच्या जिवावर बेतते. म्हणून सशाचा घरातील निवारा कसा मांडावा, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. ते भाषाविषयक पत्रिकेत का, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर पुढील विवेचनातून मिळावे.

प्रथम प्राण्याची ओळख निश्चित केली पाहिजे, कारण 'ससा' हा शब्दच दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. संस्कृत 'शश', प्राकृत 'सस' व मराठी 'ससा' ही परंपरा सरळ आहे. इंग्रजी 'हेअर' व जर्मन 'हाझे' हे शब्द त्याच मूळ धातूचे वंशज असून त्या धातूचा अर्थ 'करडा' असा मानतात. चंद्रावरचा शश, सिंहाला विहिरीत बुडविणारा पंचतंत्रातील शश आणि नैयायिकांच्या 'शशशृंगा'तील शश हे सर्व याच रानटी सशाचे अवतार होत. आपल्याकडील त्याची जात काळ्या मानेची असून तिचे शास्त्रीय नाव लेपस निग्रिकॉलिस असे आहे. दुकानात मिळणारा ससा मात्र ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस या जातीचा. त्याचे मूळ स्थान स्पेन व पोर्तुगाल यांचा द्वीपकल्प असून तो युरोपीयांबरोबर आपल्याकडे आला. इंग्रजीत या दोघांना 'हेअर' व 'रॅबिट' असे निरनिराळे शब्द आहेत. मराठीने नवागतालाही जुन्याच नावाने हाक मारली.

भाषांच्या इतिहासात असे नेहमीच घडते. फिनिशियन व्यापाऱ्यांनी स्पेनमध्ये हा प्राणी प्रथम पाहिला, तेव्हा त्याला आपल्या देशातील खडकांत राहणाऱ्या 'शाफान' नामक प्राण्याचे नाव दिले आणि त्यावरूनच पुढे त्या देशाचे 'हिस्पानिया' हे नाव पडले, असे एक मत आहे. उलटपक्षी, बायबलातील 'शाफान' इंग्रजीत आणताना सतराव्या शतकातील भाषांतरकारांनी तेथे सशाचा शब्द योजिला. लॅटिन भाषेने मात्र भेद नेमका टिपला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील वॅरो या रोमन पंडिताने शेतीवरील आपल्या ग्रंथात 'क्युनिक्युलस' या प्राण्याची नोंद केली असून, तो जमिनीखाली 'क्युनिक्युलस' म्हणजे भुयार खणतो म्हणून त्यास हे नाव मिळाले असे म्हटले आहे. आजचे अभ्यासक हा शब्द मुळात आयबेरियन मानतात, तेव्हा वॅरोची व्युत्पत्ती उलटी ठरण्याचा संभव अधिक. परंतु प्राणी व भुयार यांना त्याने एकत्र बांधले, यात त्याचे निरीक्षण अचूक होते.

आपल्या विषयाची सारी मांडणी या भुयारावर उभी आहे. शेतातला ससा बीळ करीत नाही. तो गवतात अंगाएवढा खळगा दाबून बसतो आणि संकट येताच पळतो. त्याची पिल्ले केसांसह, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. दुकानातल्या सशाचे पूर्वज बिळांच्या वसाहती करून राहत. त्यांची पिल्ले उघडीबोडकी व आंधळी जन्मतात. ज्याला बीळ आहे त्यालाच आत व बाहेर असा भेद कळतो. रानातील हे बिळकरी प्राणी ठरलेल्या जागीच पुष्कळशा लेंड्या टाकून आपल्या हद्दीची खूण करतात. घरातील ससा एका पात्रात मलमूत्र विसर्जन करावयास शिकतो तो याच स्वभावामुळे. आपण त्याला नवे असे काही शिकवीत नाही.

शब्द एकच असल्याचा दुसरा परिणाम शेतात दिसतो. सोयाबीन काढणीच्या वेळी तासात सशाचे पिल्लू एकटे सापडले की ते 'पोरके' समजून घरी आणले जाते व दुकानातल्या सशाप्रमाणे पाळले जाते. वस्तुतः रानातील मादी पिल्लांना दिवसभर एकटे ठेवून केवळ पाजण्यापुरती त्यांच्याकडे येते. उचलून आणलेले पिल्लू बहुधा जगत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हा प्राणी बाळगणे गुन्हा आहे. तेव्हा ते पिल्लू तेथेच, फार तर लगतच्या धुऱ्याच्या आडोशाला ठेवावे. यापुढे 'ससा' म्हणजे केवळ बिळकरी ससा असे समजावे.

आता 'लिटर' या शब्दाकडे वळू. लॅटिन 'लेक्टुस' म्हणजे शय्या. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'लितिएर' व पुढे इंग्रजी 'लिटर' हा शब्द आला. त्याने क्रमाने डोली, जनावरांखाली पसरावयाचे काड, एका विणीतील पिल्ले आणि इतस्ततः पडलेला केरकचरा असे अर्थ धारण केले, आणि अलीकडे मांजराच्या शौचपेटीतील वाळूही त्यात सामावली. एवढ्या अर्थांचा शब्द मराठीत जसाच्या तसा उतरला, तेव्हा निजण्याचे आथरूण व शौचाची जागा या दोन वस्तूंची गल्लत होणे अपरिहार्य होते. कुक्कुटपालनावरील मराठी पुस्तकांनी 'डीप लिटर'ला 'गादी पद्धत' असा सुरेख शब्द दिला. तीत भाताच्या तुसाचा जाड थर पसरून कोंबड्या महिनोन् महिने त्यावर ठेवतात. कोंबडीला निराळे मूत्र नसते, तिची शीट सर्वत्र पडते आणि थरात मिसळून वाळते, म्हणून ही पद्धत तिला मानवते. सशाचे मूत्र पुष्कळ व तीव्र असते आणि ते एकाच कोपऱ्यात साठते. गादी पद्धतीने ठेवलेला ससा अल्पावधीतच अमोनियाच्या वाफेत श्वास घेऊ लागतो. तो जमिनीलगत राहतो व नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे शिंका, नाक वाहणे व पुढे फुप्फुसाचे विकार ओढवतात. माणसाच्या नाकाला दर्प जाणवण्यापूर्वीच सशाला त्याची बाधा झालेली असते.

म्हणून सशाच्या घरात आथरूण वेगळे व लेंडीपात्र वेगळे, हा पहिला नियम. 'लेंडीपात्र' हा शब्द मी येथे सोयीसाठी वापरीत आहे, त्याचा आग्रह नाही. घरात त्याला कोणी 'लेंड्यांचे घमेले' म्हटले, तर तो शब्द अधिक चांगला ठरेल. मात्र घमेले हीच वस्तू या कामी बेताचीच आहे, कारण ते गोल असते व सशाला कोपरा हवा असतो. प्लास्टिकचा आयताकृती पसरट टब घ्यावा. ससा त्यात पूर्ण बसून वळू शकेल एवढी त्याची लांबी असावी. मागची कड वीतभर उंच व पुढची चार बोटे असावी. दुकानातील त्रिकोणी कोपरापेट्या पूर्ण वाढीच्या सशाला पुरत नाहीत.

पात्र कोठे ठेवावे हे माणसाने ठरवू नये. पहिले दोनचार दिवस ससा लहान जागेत ठेवून तो कोणता कोपरा निवडतो ते पाहावे व पात्र तेथेच न्यावे. न्हाणीजवळ ते बरे दिसेल हा आपला विचार त्याला पटत नाही. बाहेर पडलेल्या थोड्या लेंड्या व मूत्र टिपलेला कागद त्या पात्रात ठेवला म्हणजे वासाने खूण पटते. पात्राच्या एका टोकाला वाळक्या गवताचा भारा असावा, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो आणि जेथे गवत तेथे तो बराच वेळ बसतो. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मे काम होते. रागावणे वा मारणे सर्वथा निरर्थक. वयात आल्यावर नर व मादी दोघेही हद्दीच्या खुणेसाठी मूत्र उडवू लागतात. त्यावर खरा उपाय नसबंदीचा होय, आणि ती सशांची शस्त्रक्रिया जाणणाऱ्या पशुवैद्याकडूनच करवावी.

पात्रात काय घालावे, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात विशेष रंजक आहे, कारण येथील प्रत्येक पिकाच्या अवशेषाला स्वतंत्र नाव आहे आणि प्रत्येकाचा गुण निराळा आहे. गव्हांडा, म्हणजे गव्हाचे काड, मऊ व पोकळ असते. खाली वर्तमानपत्राच्या घड्या व वर गव्हांडा ही मांडणी स्वस्त व सुरक्षित. पूर्वेकडील धानाच्या जिल्ह्यांतून येणारी तणस चालते, परंतु ती पावसाळ्यात बुरसते. कुटार टाळावे. सोयाबीन वा तुरीच्या कुटारात धूळ फार, आणि शेंगांची टरफले टोचतात. ते गुरांच्या गव्हाणीतच शोभते. आरायंत्रावरचा लाकडाचा भुसाही नको. चीड व देवदार यांसारख्या सुगंधी लाकडांतील द्रव्ये यकृतावर परिणाम करतात हे ज्ञात आहे, आणि आरायंत्राच्या ढिगात कोणते लाकूड किती, हे खुद्द मालकालाही सांगता येत नाही. कागदाच्या लगद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या मिळाल्यास उत्तम.

दोन वस्तूंबद्दल स्पष्ट इशारा दिला पाहिजे. एक म्हणजे रुई. कापसाच्या मुलखात ती सहज हाताशी असते व मऊ म्हणून निवाऱ्यात घातली जाते. तिचे तंतू पायांना फास घालतात, आणि कुरतडून पोटात गेले तर आतड्यात अडकतात. सशाला ओकता येत नाही. दुसरी म्हणजे मांजरासाठी विकली जाणारी, ओली होताच गोळा बनणारी माती. ती बेंटोनाइट, म्हणजे स्मेक्टाइट गटातील चिकणमाती असते. याच गटाची खनिजे आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत विपुल आहेत. पावसात फुगणारी व उन्हाळ्यात हातभर भेगाळणारी जमीन ज्याने पाहिली आहे, त्याला ही माती सशाच्या पोटात काय करील हे निराळे सांगावयास नको. मांजर पात्रातील वस्तू खात नाही. ससा खातो, हा या दोघांतील निर्णायक भेद आहे.

गवताविषयी एक शब्द. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि तंतुमय चारा चघळूनच ते झिजतात. म्हणून त्याच्या आहाराचा फार मोठा भाग वाळके गवतच असावे. मारवेल व पवना यांसारखी गवते उत्तम. कुसळी गवत मात्र फुलण्यापूर्वी कापलेलेच चालते, कारण कुसळे तोंडात व डोळ्यांत रुततात.

पात्राची स्वच्छता ही प्रकृतीची दैनंदिनी असते. येथेही मराठी भाषा सूक्ष्म आहे. गाईचे शेण, घोड्याची लीद, पाखराची शीट, शेळीमेंढीची लेंडी. ससा लेंडीच्या वर्गातला. परंतु त्याच्या लेंड्या दोन प्रकारच्या असतात, आणि दुसऱ्या प्रकाराला मराठीत नाव नाही. कोरड्या, गोल, गवताच्या चुऱ्यासारख्या लेंड्या पात्रात पडतात. मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या लेंड्या ससा गुदद्वारापासून थेट तोंडात घेतो. नवख्यांना ही घाण सवय वाटते व ते प्राण्याला दटावतात. वास्तविक तो एक प्रकारचा रवंथच होय. गाय चारा ओठांपर्यंत परत आणून पचविते, तर ससा अंधांत्रात आंबलेला चारा दुसऱ्यांदा पोटात घेऊन त्यातील जीवनसत्त्वे व प्रथिने मिळवितो. अशा मऊ लेंड्या जमिनीवर पडलेल्या वारंवार दिसू लागल्या, तर धान्य, बिस्किटे वा फळे अधिक झाली असे समजून गवत वाढवावे. लेंड्या लहान व विरळ झाल्या वा अर्धा दिवस पडल्याच नाहीत, तर वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. सशाचे आतडे थांबले की तासांचा हिशेब असतो. मूत्र कधी केशरी वा लालसर दिसते, ते बहुधा वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे. त्यात चुन्याचा अंश पुष्कळ असल्याने पात्राला पांढरा थर धरतो, तो व्हिनेगरने निघतो. फिनाईल वापरू नये. ओला भाग रोज काढावा, दोनतीन दिवसांनी सर्व बदलावे आणि खुणेपुरत्या मूठभर लेंड्या परत ठेवाव्यात.

निवाऱ्याबद्दल आता थोडक्यात सांगता येईल. पिंजरा हा शब्दच सोडून द्यावा. जाळीच्या तळावर बसून सशाच्या मागच्या पायांना जखमा होतात, कारण कुत्र्यामांजरासारखी पावलाची गादी त्याला नसते. खोलीचा एक भाग हातभराहून उंच अशा जाळीच्या चौकटींनी वेढावा व आत सतरंजी अंथरावी. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात. दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच अशी सलग जागा असावी, असा ब्रिटनमधील सशांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थेचा दंडक आहे. आपल्या दोन खोल्यांच्या घरांत तो अवघड वाटेल. परंतु रात्री लहान जागा व सकाळ-संध्याकाळ मोकळी खोली, अशी तडजोड करता येते. बिळाची उणीव भरून काढण्यासाठी दोन तोंडांचा खोका ठेवावा. एकच तोंड असेल तर ससा आत कोंडल्यासारखा होतो. बुरडाकडून आणलेले बांबूचे टोपले, दोन बाजूंनी दारे कापून पालथे घातले तर त्याचे उत्तम बीळ होते, आणि ते कुरतडले तरी बिघडत नाही. विजेच्या तारा मात्र त्याच्या आवाक्यातून काढल्याच पाहिजेत. पाण्यासाठी जड, पसरट मातीचे परळ ठेवावे.

१९३६ साली शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, गांधीजींसाठी घर बांधताना पाच मैलांच्या परिसरातील साहित्यच वापरावे असा त्यांचा आग्रह होता, असे सांगितले जाते. सशाच्या निवाऱ्याला लागणारे बांबू, काड, गवत व परळ हे सर्व त्या अंतरात आजही मिळू शकते. दुकानातील महाग सामान बहुतांशी अनावश्यक आहे.

परंतु वर्ध्यात या सर्वांहून कठीण प्रश्न उन्हाळ्याचा आहे. सशाला सुमारे १५ ते २२ अंश सेल्सियस तापमान मानवते. ३० च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो. त्याला माणसासारखा घाम येत नाही. अंगातील उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते, आणि भोवतालची हवाच अंगाहून उष्ण झाली की कानांचाही उपयोग उरत नाही. येथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणे नवे नाही, आणि नवतप्यात सिमेंटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो. अशा वेळी गच्ची, बाल्कनी वा पत्र्याची सपरी येथे ठेवलेला ससा एका दुपारीत मरतो. जुन्या कवेलूच्या, जाड मातीच्या भिंतींच्या घरात त्याची सोय सहज होते. नव्या घरात तळमजल्यावरील उत्तरेकडची खोली निवडावी आणि निवारा जमिनीवरच मांडावा. कूलरचा झोत अंगावर येऊ न देता त्याने गार झालेल्या खोलीत ससा ठेवावा, खिडकी किंचित उघडी असावी आणि पात्र त्या काळात दिवसातून दोनदा बदलावे, कारण दमट हवेत अमोनिया लवकर जाणवतो. बाटलीत पाणी गोठवून ती फडक्यात गुंडाळून ठेवली की ससा तिला टेकून बसतो. वीज गेली तर ओल्या हाताने कान पुसावेत. तोंड उघडून धापा टाकणे, लाळ गळणे व अंग लुळे पडणे ही उष्माघाताची लक्षणे होत. तेव्हा बर्फाच्या पाण्यात न बुडविता गार ओल्या फडक्याने कान ओले ठेवीत त्वरित पशुवैद्याकडे न्यावे. दुपारी घर बंद करून सर्वांनी कामावर जाण्याचा परिपाठ असेल व थंडाव्याची सोय नसेल, तर एप्रिल ते जून या काळात ससा आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळ्यात उष्णतेची जागा माश्या घेतात. मागच्या भागावरील केस मूत्राने वा मऊ लेंड्यांनी भिजलेले राहिले, तर माश्या तेथे अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. या काळात रोज एकदा ससा उचलून पाठीमागून पाहावा, आणि गवताचा भारा भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावा.

पात्रातून निघालेला ओला गव्हांडा खताच्या खड्ड्यात टाकावा. कोरड्या लेंड्या मात्र कुजविण्याची गरज नसते. त्या चुरून फुलझाडांच्या कुंड्यांत तशाच घालता येतात.